पहिली-दुसरी एकाच खोलीत, भिंतींवर काय आणि कसं लावायचं? (ऑनलाइन प्रशिक्षण झालं, प्रत्यक्ष मांडणीत अडलंय)

धानोरा_पहिली_दुसरी

नमस्कार. जिल्हा परिषदेची दोन शिक्षकी शाळा, गडचिरोली जिल्हा. पहिली आणि दुसरी मिळून 24 लेकरं एकाच खोलीत, खाली पट्ट्यांवर बसतात. खोली आतून 20 बाय 16 फूट. समोरच्या 16 फुटी भिंतीवर फळा, डाव्या हाताला दोन खिडक्या, उजवी 20 फुटी भिंत पूर्ण मोकळी, मागच्या भिंतीत दार. घरी बहुतेक मुलं गोंडी बोलतात.

दीक्षा या सरकारी ऑनलाइन मंचावर निष्ठा या शिक्षक प्रशिक्षणाचे पायाभूत साक्षरतेचे अभ्यासक्रम पूर्ण झालेत. मुद्रणसमृद्ध वातावरण (मुलांभोवती भरपूर लिहिलेलं-छापलेलं), शब्दभिंत (शब्दांच्या पट्ट्या लावलेली भिंत), वाचन कोपरा हे शब्द आता पाठ आहेत. पण व्हिडिओतल्या वर्गांत सॉफ्टबोर्ड असतात, भिंती गुळगुळीत असतात. इथे चुन्याचा हात दिलेली भिंत आहे, टेप लावली की चुन्यासकट निघते. उन्हाळ्यात डबल टेपचा डिंक पातळ होतो, पावसाळ्यात भिंत ओली. खर्चाला 800 रुपयांपर्यंत हातात आहेत.

कोणत्या भिंतीवर काय लावावं, किती उंचीवर, अक्षर केवढं, आणि टिकेल असं लावायचं कसं? शिवाय हे नीट शिकायला आणखी कोणतं ऑनलाइन प्रशिक्षण करावं, की आहे त्यातूनच पुढे जावं? जाणकारांनी सविस्तर सांगावं ही विनंती.

---

बैठक_आणि_भिंत

ताई, मोजमापं दिलीत हे फार बरं झालं. मोजमाप नसलं की सल्ला हवेतच राहतो.

सुरुवात उंचीपासून करा, कारण सगळ्यात जास्त चुकतं ते इथे. तक्ते मोठ्या माणसाच्या डोळ्यासमोर, म्हणजे पाच-सव्वापाच फुटांवर लागतात. पहिलीच्या लेकराचा डोळा उभं असताना साडेतीन फुटांच्या आसपास असतो आणि पट्टीवर बसल्यावर पावणेदोन-दोन फुटांवर. मुलाने जवळ जाऊन बोट ठेवून वाचायचं, हलवायचं, जोडायचं असं जे काही असेल ते जमिनीपासून 2 ते 4 फुटांच्या पट्ट्यात हवं. बसल्या जागेवरून सगळ्या वर्गाने मिळून वाचायचं ते 4 ते 6 फुटांत, म्हणजे पुढच्याचं डोकं आड येत नाही. सहा फुटांच्या वर काहीही लावू नका. तिथलं कोणी वाचत नाही आणि धूळ झटकायला रोज स्टूल लागतं.

आता भिंतींची वाटणी. समोरची भिंत फळ्यासाठीच ठेवा. मुलं दिवसभर तिकडे तोंड करून बसतात, तिथे जितकं रंगीत तितकं लक्ष फाटतं. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. बालवर्गातली 24 मुलं, विज्ञानाचे छोटे सहा पाठ, तीन भरगच्च सजवलेल्या खोलीत आणि तीन उघड्या भिंतींच्या खोलीत. सजवलेल्या खोलीत मुलांचा 38.6 टक्के वेळ भलतीकडे गेला, उघड्या खोलीत 28.4 टक्के. आणि पाठानंतरच्या चाचणीत उघड्या खोलीतले गुणही जास्त आले. मुलं थोडी होती, प्रयोग लहान होता, पण फळ्याभोवती पताका, फुलपाखरं आणि सुविचारांची गर्दी करू नये एवढं सांगायला तो पुरेसा आहे. फळ्याच्या एका बाजूला आठवड्याची कविता किंवा चालू घटकाचा एकच तक्ता लावा. घटक संपला की तो उतरवा.

उलट टोकाला जाऊन सगळ्याच भिंती कोऱ्या ठेवायच्या असंही नाही. इंग्लंडमध्ये सॅलफर्ड विद्यापीठाने 27 शाळांतल्या 153 वर्गांचा अभ्यास केला, 2015 मध्ये अहवाल आला. त्यात भिंतीची 20 ते 50 टक्के जागा मोकळी ठेवा असं सांगितलंय. तुमच्या खोलीला तिसरा हिस्सा मोकळा, हे प्रमाण धरून चाला.

उजवी 20 फुटी भिंत ही तुमची खरी कामाची भिंत. फळ्याजवळचे 8 फूट शब्दभिंतीला, मधले 7 फूट गणिताला, शेवटचे 5 फूट मोकळे. मागच्या भिंतीवर दाराच्या एका बाजूला मुलांचं काम लावा. मुलं पाठमोरी बसतात, म्हणून पाठ चालू असताना त्याचा त्रास नाही आणि येता-जाता, सुट्टीत नजर पडते. खिडक्यांच्या भिंतीवर वर काहीच नको. बाहेरच्या उजेडामुळे दोन खिडक्यांमधला कागद काळपट दिसतो, वाचता येत नाही. पण खिडकीखालची जागा वाचन कोपऱ्यासाठी उत्तम, उजेड थेट पुस्तकावर पडतो. दोरीवर पुस्तकं उघडी टांगा, दोरी जमिनीपासून अडीच फुटांवर, पुस्तकाचं मुखपृष्ठ समोर दिसेल असं. कपाटात उभी रचलेली पुस्तकं या वयाची मुलं मागत नाहीत.

शब्दभिंतीबद्दल सांगतो, कारण प्रशिक्षणात ती दाखवतात, पण चालवायची कशी हे घाईत उरकतात. 12 बाय 4 इंचांच्या पट्ट्या कापा. एका पट्टीवर एकच शब्द. सुरुवातीच्या अक्षराप्रमाणे गट करा. आठवड्याला पाच शब्द, त्यापेक्षा जास्त नाही. पाचातले दोन नेहमी लागणारे (आहे, नाही, आणि, मी, तू), तीन चालू पाठातले किंवा गावातले. बांधी (धानाचं शेत), रोवणी (धानाची लावणी), बोडी (लहान तळं), मोह, तेंदू हे शब्द तुमच्याकडच्या मुलांना पाठ्यपुस्तकाआधी माहीत असतात, चित्राशिवायही पटकन ओळखतील. पोळ्याच्या आठवड्यात बैल, झूल, तोरण, तान्हा पोळा. शब्द मुलांसमोर लिहा, मुलांकडूनच लावून घ्या. रोज पाच मिनिटं भिंतीशी खेळ: 'दोन अक्षरी, शेवटी ळा, कोणता?' आणि मुलाने उठून त्या शब्दाला हात लावायचा. चाळीस-पन्नास शब्द झाले की भिंत पुन्हा गर्दी होते. तेव्हा सगळ्यांना येणारे शब्द काढून डब्यात टाका. तो डबा वाक्य बनवण्याच्या खेळाला कामी येतो. शब्दभिंत मेली हे ओळखायची खूण सोपी आहे. महिनाभर एकही पट्टी हलली नसेल तर ती फक्त शोभेची राहिली.

गणिताच्या भागात जमिनीपासून अडीच फुटांवर 0 ते 20 ची संख्यारेषा काढा, दोन आकड्यांत बरोबर 10 सेंटिमीटर. एकूण 2 मीटर, म्हणजे साडेसहा फूट, सात फुटांत बसते. अंतर समान असलंच पाहिजे. बऱ्याच वर्गांत दोन अंकी संख्यांना जागा जास्त लागते म्हणून 10 नंतर अंतर वाढवलेलं दिसतं, आणि मग उड्या मारून बेरीज शिकवताना सगळं चुकतं. खुणेला रेघ काढा आणि अंक रेघेखाली लहान लिहा, म्हणजे अडचण येत नाही. तिच्यावर 100 मण्यांची माळ टांगा, दहा लाल, दहा पांढरे असे आळीपाळीने. माळ मुलांच्या हाताला आली पाहिजे.

एक शेवटचं, पण महत्त्वाचं. 'अप्रगत' मुलांच्या नावांची यादी, वजन-उंचीचा नावानिशी तक्ता, आधार क्रमांक असलेली हजेरी, यातलं काहीही भिंतीवर नको. तपासणीसाठी माहिती लागते ती नोंदवहीत ठेवा.

---

बुरुडकाम

टिकायचं कसं, तेवढंच सांगतो. भिंतीला काही चिकटवायचं नाही, भिंतीपासून इंचभर पुढे टांगायचं. चुन्याची भिंत आणि ओल, दोन्ही प्रश्न एकदम सुटतात.

गडचिरोलीत वेळूला तोटा नाही. गावातल्या बुरुडाकडून इंचभर रुंदीच्या कामट्या, म्हणजे वेळूच्या पट्ट्या, चिरून घ्या. चार फुटी दोन आणि अडीच फुटी दोन अशा चार कामट्यांची एक चौकट. आडव्याला मधे आणखी एक उभी आधाराला द्या, नाहीतर पोतं ओढलं की चौकट कंबरेत वाकते. सांधे खिळ्याने ठोकू नका, कामटी उभी चिरते. सुतळीने तिरपे फेरे देऊन आवळा. चौकटीवर धुऊन वाळवलेलं तागाचं पोतं ताणा आणि दाभणाने कडेने शिवा. झाला तुमचा सॉफ्टबोर्ड. धानाची प्लॅस्टिकची पोती चालत नाहीत, टाचणी धरत नाहीत आणि ताण दिला की विण सरकते.

वेळू हिरवा वापरला तर वर्षभरात घुण लागतो, खाली पिवळी भुकटी पडायला लागते. घुण येतो तो वेळूतल्या पिठूळ अंशासाठी. चिरलेल्या कामट्या बोडीत किंवा टाक्यात दोन-तीन आठवडे दगडाखाली बुडवून ठेवा, तो अंश बराचसा पाण्यात उतरतो. मग सावलीत वाळवा. उन्हात वाळवल्या तर पिळवटतात. बुडवलेल्या पाण्याला वास येतो, म्हणून पिण्याच्या पाण्याजवळ नको.

टांगायला एका चौकटीला वर दोन सिमेंटचे खिळे. चौकटीच्या मागे चारही कोपऱ्यांना लाकडाचा इंचभर तुकडा बांधा, तेवढी हवा भिंतीच्या आणि पोत्याच्या मधे खेळली पाहिजे. चौकटीची खालची कड जमिनीपासून किमान सहा इंच वर हवी. उधई (वाळवी) जमिनीवरून मातीची नळी करत येते. चौकट भिंतीला आणि जमिनीला टेकलेली नसेल तर नळी लगेच दिसते, आणि दिसली की त्याच दिवशी खरवडा.

टाचण्या मात्र लावू नका. लेकरं अनवाणी, खाली बसतात. पोत्यात आडवी सुतळी ओवून तिला कपड्यांचे लाकडी चिमटे लावा. मुलालाही स्वतः लावता-काढता येतं.

पंखा असेल तर दोरीवर टांगलेले कागद दिवसभर फडफडतात आणि भोकाजवळ फाटतात. वर एक, खाली एक अशा दोन दोऱ्या बांधा आणि कागद दोन्हीकडून चिमट्यात धरा.

---

वळणदार

अक्षराच्या आकाराचं गणित सांगते.

आरामात वाचता यायला दर 10 फूट अंतराला साधारण 1 इंच उंचीचं अक्षर लागतं. तुमच्या खोलीत सगळ्यात मागचं मूल फळ्यापासून 16-17 फुटांवर. म्हणून बसल्या जागेवरून वाचायचा तक्ता असेल तर दीड इंचाच्या खाली जाऊ नका. ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंतची. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, पाय मोडलेलं अक्षर यांना जागा वेगळी लागते. म्हणून एका शिरोरेषेपासून दुसरीपर्यंत 3 इंच धरा. इथे कंजुषी केली की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो आणि पहिलीच्या मुलाला 'कु' की 'कि' कळत नाही.

बाजारातली कार्डशीट 22 बाय 28 इंच असते. आडवी धरली आणि कडेने दीड-दोन इंच सोडलं तर दीड इंची अक्षरात एका ओळीला 15-16 अक्षरं आणि एकूण सहा ओळी मावतात. आठ ओळींची कविता एका शीटवर बसवायचा हट्ट केला की अक्षर इंचावर येतं आणि मागची रांग गप्प होते. दोन शीट जोडा. जोड ओळीच्या मधे येऊ द्या, ओळीवर नको.

साधा बारीक मार्कर एवढ्या अक्षराला पुरत नाही. रेघेची जाडी अक्षराच्या उंचीच्या सहाव्या-सातव्या भागाइतकी हवी, म्हणजे 5 ते 6 मिलिमीटर. तिरप्या टोकाचा जाड मार्कर घ्या. पांढऱ्या किंवा फिक्या पिवळ्या कागदावर काळं किंवा गडद निळं. लाल फक्त अधोरेखनाला. पिवळा, केशरी, पोपटी रंग लांबून दिसतच नाहीत. लाल आणि हिरव्यातला फरक न कळणारं मूलही वर्गात असू शकतं, म्हणून फक्त या दोन रंगांच्या फरकावर कोणतीही कृती बेतू नका.

शब्दभिंतीच्या पट्ट्या जवळ जाऊन वाचायच्या असल्या तरी दीड इंच अक्षरच ठेवा, बसूनही दिसतात. मुलांच्या कामाखालची नावं, सूचना, वस्तूंची नावं (दार, खिडकी, घडा) पाऊण-एक इंचात चालतात.

अक्षराच्या वळणाकडे मात्र काटेकोर लक्ष द्या. मराठी भाषा विभागाच्या 10 नोव्हेंबर 2022 च्या शासन निर्णयानुसार पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' शिकवायचा आहे. संगणकावर मंगल टंकात (फॉन्टमध्ये) टाइप करून छापलं तर हिंदी वळणाचे 'ल' आणि 'श' येतात. पुस्तकात एक आणि भिंतीवर दुसरं असलं की मूल ते वेगळं अक्षर समजतं. राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा, यशोवेणू हे टंक वापरा, नाहीतर हाताने लिहा. हाताने लिहिलेलं मला केव्हाही जास्त आवडतं, कारण मुलांना लिहिणारा हात दिसतो. जुना बाराखडीचा छापील तक्ता असेल तर त्यात 'ॲ' आणि 'ऑ' नसतात. तो उतरवून चौदाखडी लावा.

---

धानोरा_पहिली_दुसरी

सगळ्यांचे मनापासून आभार. वेळू आणि पोत्याची चौकट डोक्यातच नव्हती.

अजून दोन गोष्टी. गोंडी शब्द शब्दभिंतीवर लावायचे असतील तर कसे लिहावेत? आणि तक्ते लॅमिनेट करावेत का? केंद्रावर (आसपासच्या शाळांच्या गटाच्या बैठकीत) बऱ्याच जणांनी तेच सुचवलं. सोबत पुठ्ठ्यावर कागद चिकटवला की वाळल्यावर पुठ्ठा पापडासारखा वळतो, त्यावरही उपाय सांगा.

---

एर_म्हणजे_पाणी

गोंडी देवनागरीतच लिहा, मुलांना एका वेळी एकच लिपी पुरे आहे. एकाच पट्टीवर चित्र, खाली मराठी काळ्यात आणि गोंडी निळ्यात: पाणी, एर. रंगाचा हा नियम वर्षभर बदलू नका. मूल रंगावरून ओळखतं की हा घरचा शब्द आणि हा शाळेचा.

शब्द इंटरनेटवरून किंवा दुसऱ्या तालुक्याच्या यादीतून उचलू नका. गोंडी गावागणिक, नदीच्या अलीकडे-पलीकडे बदलते, आणि माडिया बोलणाऱ्या घरांत आणखी वेगळी असते. चित्र दाखवून मुलांना विचारा, मग गावातल्या एखाद्या आजीकडून पक्कं करून घ्या. दोन मुलांनी दोन शब्द सांगितले तर दोन्ही लावा, त्यातलं एक चूक ठरवायची गरज नाही. उच्चार ऐकून लिहिताना स्वर लांब की आखूड एवढं नीट ऐका, बाकी मुलं सांभाळून घेतात.

सगळ्या मराठी शब्दांना गोंडी जोड लावायचा अट्टाहास नको. प्राणी, घर, नाती, शेत, जंगल, खाणं एवढ्या विषयांना जोड द्या. 'आणि', 'आहे' असल्या शब्दांना सुटं भाषांतर चिकटवलं की गोंधळ वाढतो. ते वाक्यातच शिकवावेत.

---

खळ_आणि_पुठ्ठा

पुठ्ठा वळतो कारण ओला कागद वाळताना आकसतो आणि फक्त एका बाजूने ओढतो. मागच्या बाजूलाही तेवढ्याच जाडीचा कागद त्याच खळीने लावा, दोन्हीकडची ओढ सारखी झाली की पुठ्ठा सपाट राहतो. जुनं वर्तमानपत्र पातळ असतं, दोन थर द्या. मग सपाट जागेवर ठेवून वर फळी आणि विटा, रात्रभर. किराणा दुकानातली खोकी वापरत असाल तर आतल्या नळ्या उभ्या येतील असा तुकडा कापा. आडव्या आल्या की टांगल्यावर मधोमध घडी पडते.

खळ अशी: चार चमचे मैदा एका कप थंड पाण्यात गुठळी न होता कालवा. दोन कप पाणी उकळत ठेवून त्यात हे हळूहळू ओता, तीन-चार मिनिटं ढवळा. पांढरेपणा जाऊन किंचित पारदर्शक झाली की उतरवा, अर्धा चमचा तुरटीची पूड घाला. गार झाल्यावर वापरा आणि दोन दिवसांत संपवा. घट्ट राहिली तर कागदाला सुरकुत्या पडतात, दाट साईएवढीच हवी. भिंतीवर कागद चिकटवायला खळ नको, उंदीर आणि झुरळं येतात.

लॅमिनेशनबद्दल माझं मत स्पष्ट आहे, सरसकट करू नका. तुमच्या खिडक्या डावीकडे, कामाची भिंत उजवीकडे, म्हणजे अगदी समोर. चकाकीमुळे अर्ध्या वर्गाला तक्त्याऐवजी खिडकीचा पांढरा ठिपका दिसेल. आणि एकदा पैसे घालून लॅमिनेट केलेला तक्ता उतरवायला जीव होत नाही, तो पाच वर्षं तिथेच राहतो.

---

बैठक_आणि_भिंत

पूर्ण सहमत नाही. रोज हाताळायच्या पट्ट्या, अंककार्डं, नावांची कार्डं लॅमिनेट केली नाहीत तर पावसाळ्यात महिनाभरात मऊ होऊन दुमडतात. मोठे तक्ते नको, हाताळायची लहान कार्डं हो. कापताना कागदाच्या बाहेर पाव इंच प्लॅस्टिकची कड सोडा. कागदालगत कापलं तर कडेतून दमटपणा आत शिरतो आणि दोन्ही पापुद्रे सुटतात. कोपरे गोल करा, धारदार कोपरे बोटाला लागतात.

थर्माकोलची अक्षरं कोणी सुचवली तर नाही म्हणा. 2018 च्या अधिसूचनेपासून महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, आणि त्याचे दाणे लहान मुलं तोंडात घालतात.

---

खळ_आणि_पुठ्ठा

कार्डांबाबत मान्य. मी तक्त्यांपुरतं म्हणत होतो.

---

जोडणी_येईल_तेव्हा

प्रशिक्षणाच्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही, म्हणून लिहिते.

ताई, निष्ठाच्या पायाभूत टप्प्यात 12 अभ्यासक्रम आहेत. ते केले असतील तर या विषयाची तात्त्विक बाजू तुमच्याकडे आहे. नव्या प्रमाणपत्रामागे धावण्यापेक्षा त्यातलेच भाषेचे, गणिताचे आणि खेळण्यांवर आधारित अध्यापनाचे घटक पुन्हा उघडा, पण या वेळी हातात मोजायची टेप आणि वही घेऊन. पहिल्या वेळी 70 टक्के गुण मिळवून प्रमाणपत्र काढणं हे ध्येय असतं, त्यामुळे प्रश्नांची उत्तरं लक्षात राहतात, मांडणी राहत नाही. व्हिडिओ थांबवा आणि चित्रातल्या वर्गाकडे पाहून लिहा: ही वस्तू कितव्या फुटावर आहे, मूल तिला हात लावतंय का, ती कोणी बनवली, ती कधी बदलत असतील. चार प्रश्नांपैकी दोनांचं उत्तर व्हिडिओत सापडलं नाही तर तो वर्ग चित्रीकरणापुरता सजवलाय असं समजा आणि पुढे चला.

नेटवर्कचं म्हणाल तर तालुक्याला गेलात की दीक्षा ॲपमध्ये घटक उतरवून घ्या, गावात जोडणीशिवाय पाहता येतात. पाहिल्याची नोंद मात्र पुन्हा जोडणीत आल्यावरच चढते. म्हणून अंतिम चाचणी जोडणी पक्की असेल तेव्हाच द्या. निष्ठात चाचणीच्या संधी तीनच मिळतात.

नवं काही शिकायचंच असेल तर 'बाला' ही कल्पना शोधा. इमारतीचाच शैक्षणिक साधन म्हणून वापर करायचा, दाराच्या उघडण्यात कोन दाखवायचे, खिडकीच्या गजांवर मोजणी करायची, अशी ती पद्धत. विन्यास या संस्थेने युनिसेफच्या मदतीने ती आपल्या देशातल्या शाळांसाठीच तयार केली, त्यामुळे तिच्यातल्या खोल्या आपल्या खोल्यांसारख्या दिसतात. तुमच्या वर्गात दार उघडतं तिथे जमिनीवर अर्धवर्तुळ काढून त्यावर खुणा करता येतील. पहिली-दुसरीला अंश शिकवायचे नाहीत, 'थोडं उघड, आणखी उघड' एवढं पुरे.

कोणतंही ऑनलाइन प्रशिक्षण निवडताना एकच गोष्ट बघा. स्वतःच्या वर्गाचा फोटो मागून त्यावर कोणी अभिप्राय देतं का? फक्त व्हिडिओ आणि बहुपर्यायी प्रश्न असतील तर मांडणी सुधारत नाही. तसा अभिप्राय मिळत नसेल तर केंद्रातल्या चार-पाच शिक्षकांचा गट करा. एका वेळी एकच भिंत. लावायच्या आधीचा फोटो, लावल्यानंतरचा, आणि तीन आठवड्यांनी तिसरा. तिसरा फोटो सगळ्यात बोलका असतो, काय हललं आणि काय नुसतं धूळ खातंय ते त्यात कळतं. फोटोखाली 'कसं वाटलं?' असं विचारलं की सगळे अंगठा दाखवतात. नेमकं विचारा: 'मागच्या रांगेतून दुसऱ्या ओळीतला 'ष' वाचता येतोय का?' फोटोत मुलांचे चेहरे आणि नावं येऊ देऊ नका.

फोटो काढताना मोबाइल जमिनीपासून दोन फुटांवर धरा, मूल बसतं त्या जागी. पण मोबाइलची भिंग रुंद चित्र घेते, अक्षर असतं त्यापेक्षा लहान दिसतं. वाचनीयता फोटोवरून ठरवू नका, त्यासाठी स्वतः मागच्या पट्टीवर बसून बघा, सकाळी एकदा आणि तीन वाजता एकदा. उजेड फिरतो तशी एकच भिंत वेगळी दिसते.

---

काळा_पट्टा

एक भर. उजव्या भिंतीवर जे 5 फूट मोकळे ठेवायला सांगितलेत, तिथे जमिनीपासून एक ते तीन फुटांपर्यंत मुलांसाठी फळा रंगवा. दोन फूट उंच, पाच फूट लांब म्हणजे 10 चौरस फूट. फळ्याच्या रंगाचा पाव लिटर डबा दोन हातांना पुरतो. मात्र चुन्यावर थेट रंग मारला की पापुद्रा निघतो. चुना पत्र्याने पूर्ण खरवडा, ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या. खड्डे पुट्टीने भरा, 120 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, प्रायमर लावा आणि मगच रंग, दोन हातांमध्ये एक दिवस सोडून. तीन दिवस कोणाला लिहू देऊ नका. त्यानंतर खडू आडवा धरून सगळ्या फळ्यावर घासा आणि कोरड्या फडक्याने पुसा. हे केलं नाही तर पहिल्यांदा लिहिलेली अक्षरं कायमची उमटून राहतात.

हे काम मे महिन्यातच उरका. जुलैत भिंतीत ओल असते, रंगाला फोड येतात.

---

धानोरा_पहिली_दुसरी

सगळं वहीत उतरवून घेतलं. मे महिन्यात काळा पट्टा आणि वेळू भिजवणं, जूनमध्ये शाळा उघडायच्या आत दोन चौकटी, पहिल्या महिन्यात फक्त शब्दभिंत. गणिताचा भाग ऑगस्टमध्ये. 800 रुपयांत बसवायला पहिली खरेदी अशी धरलीय: कार्डशीट 10, जाड मार्कर काळे 2 आणि निळा 1, सुतळीचा एक गुंडा, लाकडी चिमटे 3 डझन, फळ्याचा रंग पाव लिटर, प्रायमर आणि पुट्टी लहान पाकीट. पोती पोषण आहाराच्या तांदळाची मागणार होते, पण ती प्लॅस्टिकचीच येतात. तागाची पोती कुठे मिळतील?

---

बुरुडकाम

धान खरेदी केंद्रावर किंवा राइस मिलवर विचारा, जुना बारदाना तिथे निघतो. फाटका चालेल, पण तेलाचा किंवा खताचा डाग असलेला घेऊ नका. दोन चौकटींना दोन पोती पुरतील. आणण्याआधी कडक उन्हात दोन दिवस उलटं करून टाका, आतले किडे आणि धानाचं तूस निघून जातं. मग धुवा.